पान उघडलं होतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. अंबाबाईसमोर उभी राहते तेव्हा बाकीचं सगळं बोलते — पोरांच्या परीक्षा, सासूचे गुडघे — आणि एवढं गिळून बाहेर येते. आता तुम्हाला सांगतेय, आणि तुम्ही कोण हे मला माहीत नाही. तेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडं असती, तर हे लिहायची वेळच आली नसती, नाही का?

आणि एक आधीच सांगते. वाचता वाचता मला ‘बिचारी’ म्हणावंसं वाटलं तर आवरा स्वतःला. कीव करणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. माझी कीव करावी असं यात काहीही नाही.

हातकणंगल्याजवळ ओतकामाचा एक कारखाना आहे. भट्टीत लोखंड वितळतं, साच्यात ओततात, त्यातनं पंपांचे नि ट्रॅक्टरचे भाग निघतात. मी तिथं माहिती विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे काय — मी, एक काचेची केबिन आणि एसी. शाहूपुरीतनं रोज गाडीनं जायची, गाडीतनं उतरताना ओढणी नाकाला लावायची. त्या धुळीत माणसं दिवसभर उभी असतात आणि मी नाक दाबून केबिनपर्यंत चालत जायची. तेवढ्यावरनंच कळलं असेल तुम्हाला मी कसली होते ते.

माझं काम सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आधी तिथं प्रत्येक कामाची जाडजूड पुस्तकं असायची. कपाटात पडून असायची, उघडायचं कुणी नाही. मी ती रद्दीत घातली. प्रत्येक मशीनपाशी एक टॅबलेट बसवला आणि मशीनवर ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी स्टिकर चिकटवला. टॅबलेट स्टिकरसमोर धरला की त्या कामाचं पान उघडतं. पानावर फोटो, आकृती, छोटासा व्हिडिओ. काही शब्द निळे — त्यावर बोट ठेवलं की पुढचं पान. भट्टीच्या पानावरनं बादलीच्या पानावर, बादलीवरनं अस्तरावर, अस्तरावरनं वाळवण्यावर. सगळं एकमेकाला जोडलेलं. कामगारांनी त्या टॅबलेटला नाव ठेवलं — पाटी.

बादली म्हणजे लेडल. वितळलेलं लोखंड भट्टीतनं साच्यापर्यंत नेतात ती. तिला आतनं मातीसारखं अस्तर लावतात आणि ते ज्योतीवर खडखडीत वाळवतात. अस्तरात ओल राहिली आणि वरनं लोखंड पडलं, तर ओलीची वाफ होते नि लोखंड उसळून बाहेर येतं. एवढं लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

पाट्या लागल्या आणि आमच्याकडं पावण्यांची रीघ लागली. पुण्याचे सल्लागार, मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब, कॉलेजातले प्राध्यापक. सगळे पाटीसमोर उभे राहून फोटो काढायचे, ‘व्वा, व्वा’ करायचे, आणि भट्टीपासून लांब, पंख्याखाली चहा प्यायचे. आमचे मालक, आबासाहेब — त्यांना पाटी चालू कुठनं होते हेही माहीत नव्हतं, पण भाषण ठोकायचे. ‘आमच्यात कागुद न्हाय! सगळं पाटीवर हाय!’ आणि मी शेजारी हात बांधून, मान थोडी तिरकी करून उभी. नम्र दिसायचा सराव झाला होता मला.

आता सर्जेमामा.

सर्जेराव — सगळे मामा म्हणायचे — लेडल सांभाळायचे. कोडोलीचे. मोटारसायकलवरनं यायचे आणि गेटात शिरल्यापासनं तोंडाचा पट्टा चालू. या माणसाला जगातलं सगळं कळायचं. निवडणुकीत कोण पडणार, कुणाच्या म्हशीला काय झालंय, कुणाचं लग्न मोडणार. आणि बहुतेक वेळा ते चुकायचे! चुकले तरी कबूल? नाव नको. एकदा सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन कामावर हजर झाले आणि वॉचमनलाच झाडलं, तुमच्या कारखान्याचं कॅलेंडर चुकलंय म्हणून. अख्खी पाळी महिनाभर त्यावर हसत होती. मला ते आवडायचे असं आता म्हटलं तर ते खोटं होईल. मला त्यांचा वैताग यायचा.

पाटी त्यांना मान्य नव्हती. ‘माझ्या डोस्क्यात हाय की सगळं, ती काचंची फळी कशाला?’ असं ते बोलले, तेही पावण्यांसमोर. मी हसले. आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या वेळी त्यांना सगळ्यांपुढं उभं केलं आणि लेडलचं पान मोठ्यानं वाचायला लावलं. त्यांच्याकडं चष्मा नव्हता. पाटी लांब धरून, जवळ धरून, अक्षर लावत लावत वाचत होते. पोरं तोंड दाबून हसत होती. मी थांबवलं का? छे. शेवटची ओळ नीट ऐकू आली नाही म्हणून परत वाचायला लावली. मला मजा येत होती — हो, मजाच, दुसरा शब्द नाही.

त्यानंतर मामा चष्मा आणायला लागले आणि न चुकता पान उघडायला लागले. पण मामाच ते, गप्प कसे उघडतील? लेडलपाशी गेले की पाटी स्टिकरसमोर धरायची, आणि पान आलं की माझ्या केबिनकडं तोंड करून बेंबीच्या देठापासनं ओरडायचं — ‘म्याडम, उघडलं बघा पान!’ रोज. अख्खी शेड हसायची. भट्टीच्या घरघरीवर चढणारा आवाज होता तो. मी काचेतनं हात वर करायची, कधी तोही करायची नाही. हळूहळू कुणाचं लक्षही जाईना, रोजचंच झालं होतं.

मुद्द्याकडं यायला वेळ लावतेय, कळतंय मला. इतकी वर्षं लावलाच आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी लेडलच्या अस्तराचा माल बदलला. नव्या मालाला वाळायला जुन्यापेक्षा बराच जास्त वेळ लागायचा. मी नवं पान केलं — व्हिडिओ केला, फोटो घातले, देखणं पान होतं. पण पान करून भागत नाही. जुन्या पानाकडं जाणारे जे जे निळे शब्द असतील ते सगळे शोधून नव्या पानाकडं वळवावे लागतात. कंटाळवाणं काम. मी निम्मे वळवले. लेडलच्या पानावरचा ‘अस्तर वाळवणे’ हा निळा शब्द राहिला.

का राहिला? आजारी होते? घरी काही अडचण? नाही हो. खंडेनवमीला आबांनी बाहेरचे साहेब बोलावले होते, आणि त्यांच्यासाठी मी पाटीवर स्वागताचं पान करत बसले होते. आबांचा फोटो आणि त्याभोवती झेंडूची हलणारी माळ. माळ नीट झुलेना. डावीकडनं उजवीकडं जाताना अडकायची. दोन दिवस मी ती माळ झुलवत बसले आणि तो निळा शब्द तिथंच राहिला. त्या माळेचं पुढं फार कौतुक झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा होते, तशी झाली. भट्टीला हार, ग्राइंडरला हार, हातोड्याला सुद्धा कुंकू. आबा म्हणाले, ‘पाटीची बी पूजा झाली पायजे, म्याडमच्या हातनं!’ म्हणून मी लेडलशेजारच्या खांबावरच्या स्टिकरला कुंकवाचं बोट लावलं, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. एक छोटासा ठिपका, कोपऱ्यात. त्यानं काही बिघडलं नव्हतं. मी तिथल्या तिथं पाटी धरून पान उघडून दाखवलं होतं, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि काम सुरू झालं. लेडलला नवं अस्तर लावलेलं होतं, वाळवायचं होतं. मी केबिनमध्ये पूजेचे फोटो निवडत होते — ज्यात माझी हनुवटी बरी दिसते असे. दार उघडं होतं. शेडमधनं हाक आली.

‘म्याडम, उघडलं बघा पान!’

मी मान वर केली नाही.

त्यांनी पान उघडलं. निळ्या शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द त्यांना जुन्या पानावर घेऊन गेला — आणि या माणसानं, ज्याला मी सगळ्यांपुढं वाचायला लावून नमवलं होतं, त्यानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपल्या डोक्यातलं काही न घालता, पानावर होतं तेवढंच आणि तेवढाच वेळ वाळवलं. जुन्या मालाला पुरेल इतका.

लोखंड पडलं आणि उसळलं. आवाज मोठा नसतो त्याचा, लोकांना वाटतं तसा. मग ओरडणं ऐकू आलं. बाकीचे मागं होते म्हणून वाचले. मामांच्या बुटात लोखंड शिरलं. त्यांचं पाऊल गेलं म्हणायचं — पाऊल राहिलं, बोटं गेली, टाच भाजून वेडीवाकडी झाली.

सगळे त्यांच्याकडं धावले. मी पाटीकडं धावले.

हे वाक्य मी कितीतरी वेळा लिहून खोडलंय. माणूस जमिनीवर तडफडत होता आणि मी त्याला वळसा घालून गेले. पाटी कठड्यावर होती, पान उघडं. जुनं पान. मी बघितलं, मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. मी पान बंद केलं आणि केबिनमध्ये गेले आणि तो निळा शब्द नव्या पानाकडं वळवला. किती सोपं असतं ते! कागदावर असतं तर खाडाखोड दिसली असती, शाई वेगळी दिसली असती. इथं शब्द तोच, रंग तोच, जागा तीच, फक्त जातो दुसरीकडं. आधी कुठं जात होता हे विचारणारं त्या कारखान्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तरी मी भित्री ठरले असते, बास. घाबरून माणूस काहीबाही करतो, असं तुम्हीच म्हणाला असता. पण मी थांबले नाही. माझ्या डोक्यात आलं — पान बरोबर आहे, मग माणूस का भाजला? पान उघडलंच नसेल तर. आणि का उघडलं नसेल?

गाडी मामांना घेऊन गेली, निम्मी माणसं त्यांच्यामागं गेली, उरलेली गेटापाशी घोळका करून उभी होती. शेड रिकामी. केबिनमध्ये देवाच्या फळीवर पूजेतलं कुंकू होतं. मी ते घेतलं, बाटलीतल्या पाण्यात कालवलं, आणि लेडलपाशी जाऊन त्या स्टिकरवर चोळलं. कोपऱ्यातला ठिपका होता तो सगळ्या चौकोनभर पसरला. मग पाटी धरून बघितली. उघडेना. परत धरली, उघडेना. तेव्हा माझं समाधान झालं. हात धुतले. कुंकू नखात राहतं, डाग जात नाही, वगैरे गोष्टीत असतं. साबणानं झटक्यात जातं.

दुसऱ्या दिवशी आबा, व्यवस्थापक आणि चौकशीला आलेले बाहेरचे एक साहेब लेडलपाशी उभे राहिले आणि मी त्यांना दाखवलं. पाटी धरली, पान उघडलं नाही. स्टिकर ओल्या फडक्यानं पुसला, उघडलं. आत सगळं बरोबर. मामांनी चूक केली असं मी म्हटलं नाही. शिकलेली माणसं तसं थेट बोलत नाहीत. मी म्हटलं, ‘स्टिकर पुसून घ्यायला हवा होता. त्यांना पाटीचा कंटाळा होता, हे सगळ्यांना माहीतच आहे.’ साहेबांनी मान हलवली. आबा हळहळले, पण सुटल्यासारखे दिसले. कुंकवामुळं झालं म्हटल्यावर कारखान्याचाही दोष नाही, माझाही नाही. कसं छान बसलं!

मामा कुबडी घेऊन आले तेव्हा त्यांनी शेड डोक्यावर घेतली. ‘पान उघडलं हुतं! म्या हाक मारल्याली! इचारा की कुणालाबी!’ विचारलं. हाक रोजच यायची, त्या दिवशी आली का नाही हे कुणाला छातीठोक सांगता येईना. आणि कॅलेंडर चुकलंय म्हणणाऱ्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? त्यांच्या बरोबरीचा एकजण पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘मामा, कवा तरी कबूल करा की ओ.’ लोक हसले. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी काचेच्या आत होते आणि फोन कानाला लावला. पलीकडं कुणी नव्हतं. त्या पायानं परत भट्टीवर उभं राहणं शक्य नव्हतं, आणि बसून करायचं काम अशा बेफिकीर माणसाला द्यायला कुणी तयार नव्हतं. ते घरी बसले.

अजून आहे. माझा नीचपणा नेटका असतो, अर्ध्यावर सोडत नाही मी. ‘अपघात कसा घडला’ असं एक पान मी केलं. कुंकू फासलेल्या स्टिकरचा फोटो — मीच फासलेला, मीच काढलेला — आणि खाली ठळक अक्षरात, ‘पान न उघडता काम केल्याचा परिणाम’. नाव घातलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, नावाची गरज काय? प्रत्येक मशीनच्या पानावरनं तिकडं एक निळा शब्द जोडला. नवा माणूस कामाला लागला की पहिल्यांदा त्याला ते पान दाखवतात. पावण्यांनाही दाखवतात. एका प्राध्यापकानं ते पान फार हृद्य आहे म्हटलं. हृद्य! मी ‘थँक्यू सर’ म्हटलं.

आणि तेव्हापासनं आमच्या कारखान्यात खंडेनवमीला मशीनला कुंकू लावत नाहीत. बाजूला पाटावर नारळ ठेवून त्याला लावतात. म्हाताऱ्या कामगारांना ते रुचलं नाही, ज्या यंत्रावर पोट भरतं त्यालाच शिवायचं नाही म्हणजे काय, असं ते कुरकुरले. पण नियम झाला. माझ्या एका लबाडीसाठी एवढ्या माणसांची रीत मोडली आणि मी त्या नियमाखाली सही केली.

हे झालं. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते राहिलंय.

या उन्हाळ्यात कोडोलीला आमच्या व्यवस्थापकांच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं चालली होती. मांडवाच्या कडेला खुर्चीवर मामा बसले होते, पाय पुढं लांब करून. वाळले होते. मी दुसरीकडनं निघून जाणार होते, पण त्यांनी हाक मारली — आवाज निम्मा झालाय आता. मी गेले. खुर्ची ओढून बसायला लावलं, घरचं विचारलं, पोरं काय करतात विचारलं. मग जरा पुढं वाकले.

‘म्याडम, एक इचारू? त्या दिशी पान उघडलं हुतं का ओ? मला आटवतंय, उघडलं हुतं. हाक बी मारल्याली. पर समदीच न्हाय म्हंत्यात. घरची बी म्हंती, तुमी कवा कबूल केलाय आजवर. इतकं झालं की आता माझं मलाच कळंना झालंय. तुमाला म्हाईत असंल. तुमी सांगाल ते खरं.’

भांडण नव्हतं त्यात. आरोप नव्हता. ज्या माणसानं सबंध जन्मात स्वतःवर कधी शंका घेतली नाही, तो माणूस मला विचारत होता की आपली आठवण खरी आहे का.

एक शब्द होता. ‘व्हय.’ काय गेलं असतं माझं? आबांनी कारभार मुलाकडं सोपवलाय, त्याला मी हवी आहे. दुसऱ्या कारखान्यांतनं बोलावणी येतात. नोकरी जाणार नव्हती, तुरुंगात कुणी टाकणार नव्हतं. आजूबाजूला ऐकायला माणूस नव्हतं. अपघात झाला तेव्हा मी घाबरले म्हणून खोटं बोलले असं म्हणता येत होतं. या वेळी भ्यायला काहीच नव्हतं.

मी म्हटलं, ‘नाही मामा. नव्हतं उघडलं.’

वर त्यांच्या हातावर हात ठेवला. ‘मनाला लावून घेऊ नका,’ म्हटलं.

त्यांनी लांब केलेला पाय हातानं जवळ ओढला. मग मान हलवली. ‘मग चुकलंच माझं,’ म्हणाले. आणि मांडवाच्या पलीकडं त्यांची बायको ताट घेऊन उभी होती, तिच्याकडं तोंड करून, त्या जुन्या आवाजात, सगळे लोक वळून बघतील असे ओरडले — ‘ए, आयकलंस का! म्याडम म्हंत्यात न्हाय उघडलं! तुझंच खरं गं!’

बायको लांबनं हसली. लोक हसले. मीही हसले, आणि मला कुणीतरी जिलेबी आणून दिली ती खाल्ली.

पान उघडलं होतं. त्यांनी हाक मारली होती. मी ती ऐकली होती.